यूएसबी टेदरिंग आणि डेटाची बचत

लिनक्स लॅपटॉपवर फोनचा हॉटस्पॉट वारंवार तुटतो आणि डेटाही लवकर संपतो, अशी अडचण कधी कधी येते. माझ्या मते अशा वेळी यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट केबलने लॅपटॉपला देणे, अधिक भरवशाचे ठरते, कारण केबल जोडून फोनमध्ये तो पर्याय सुरू करताच बहुतेक लिनक्स वितरणांत (उबंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या प्रकारांत) वेगळा ड्रायव्हर न टाकता नेटवर्कमॅनेजर हा नेटवर्कच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम तारेची जोडणी दाखवतो. केबल मात्र केवळ चार्जिंगची नसावी. माझ्याकडे फोन व्यवस्थित चार्ज होत होता, पण टेदरिंगचा पर्याय फिकटच राहत होता, आणि कारण समजेपर्यंत संध्याकाळ झाली. डेटा वाचवण्यासाठी त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड’ (मर्यादित डेटाची जोडणी) हा पर्याय निवडावा, म्हणजे ‘नोम सॉफ्टवेअर’ हे नोम डेस्कटॉपचे ॲप बसवण्याचे साधन अद्यतने आपोआप उतरवत नाही. टर्मिनलमधून दिलेली ‘ॲप्ट’ची (उबंटू, डेबियनमध्ये सॉफ्टवेअर बसवण्याच्या साधनाची) आज्ञा मात्र ही ‘मीटर्ड’ची खूण पाहत नाही.