पथनाट्यापेक्षा फॉर्म भरून देणारा माणूस द्या

भाऊ, मतदार जागृतीसाठी आपल्या संस्थेला अनुदान मिळालं तर ते पथनाट्य, रॅली आणि टी-शर्टांवर लावू, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. नागपुरात लोकांना मत द्यायचं असतं हो. गाडी अडते ती मतदार यादीतल्या नावावर.

हिंगणा एमआयडीसीकडचा भाडेकरू घ्या. नाव उत्तर नागपुरात, राहणं हिंगण्यात. त्याच्या हातात नमुना ६ चा फॉर्म देऊ नका, तो नव्या मतदारासाठी. पत्ता बदलायला २०२२ पासून नमुना ८, मतदारसंघ बदलला तरी. मग पुराव्याचा घोळ. नोंदणीकृत भाडेकरार चालतो, पण एका खोलीचा करार कोण नोंदवतो? कागदाचं नाव काढलं की घरमालक दुसरा भाडेकरू बघतो! अशा वेळी बीएलओची (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची) घरी येऊन प्रत्यक्ष पडताळणी, आणि ती भाडेकरू शिफ्टवरून परतल्यावर व्हावी म्हणून मागे लागायला वस्तीतलाच कुणी हवा. त्याचं मानधन, मोबाइल डेटा, झेरॉक्स, यावर पैसा लावा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (१८ वर्षं पूर्ण झाली का हे ज्या दिवशी धरतात त्या) आहेत, म्हणजे काम वर्षभराचं. आपण अनुदानासाठी अर्ज करतो निवडणुकीच्या तोंडावर.

८५ वर्षांवरच्यांना घरून मतदानासाठी १२-डी नमुना निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. अशा आजी-आजोबांची यादी आधीच करून ठेवा.

या चर्चेत वर कुणीतरी सुचवलंय की मोठ्या संस्थेकडचा परदेशी निधी आपल्याकडे वळवून घेऊ. एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. स्थानिक दात्यांकडे जा, आणि पत्रकावर कुठल्याही नगरसेवकाचा फोटो नको.