पेन्शन आणि व्याज मिळून पावणेचौदा हजार, माणसं तीन. महिना निघतो, वर्ष निघत नाही

हुडकेश्वरची_वैनी

नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरात हुडकेश्वर रोडला राहतो. घर स्वतःचं आहे, दोन खोल्या आणि वर गच्ची. हे हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होते. मागच्या वर्षी ५८ पूर्ण झाले आणि घरी आले. आता घरात मी, हे आणि सासूबाई (७८). मुलगा पुण्याला नुकताच नोकरीला लागला आहे. त्याचं तिथलं भाडं आणि मेस बघता त्याच्याकडे मागायचं नाही, हे आमचं दोघांचं ठरलेलं आहे.

जमा अशी: पीएफची पेन्शन २,९००. फंडाचे १२ लाख पोस्टात सीनियर सिटिझनच्या योजनेत टाकले, त्याचे दर तीन महिन्यांनी २४,६०० येतात. साडेचार लाख मासिक प्राप्ती योजनेत, त्याचे महिन्याला २,७७५. तिमाहीचे पैसे महिन्यावर पाडले तर एकूण १३,८७५, म्हणजे पावणेचौदा हजारांच्या थोडे वर होतात. लाडकी बहीणचे दीड हजार माझ्या खात्यात येतात ते वेगळे. कार्ड केशरी आहे, पण त्यावर धान्य मिळत नाही.

खर्च: किराणा चार हजार, दूध अठराशे, भाजी दीड हजार, सासूबाईंची औषधं एकोणीसशे (बीपी, शुगर, थायरॉइड), गॅस सहाशे धरा, मोबाइल-टीव्ही सातशे, ह्यांच्या गाडीचं पेट्रोल आठशे, लाईट बिल हिवाळ्यात नऊशे. बेरीज १२,२०० येते, म्हणजे कागदावर दीड हजार उरायला पाहिजे. उरत काहीच नाही. व्याज आलं की तो महिना राजासारखा जातो, पुढच्या दोन महिन्यांत मात्र बचत खात्यातून काढणं सुरू होतं.

हे म्हणून राहिले की ते १२ लाख काढून मासिक योजनेत टाकू, म्हणजे दर महिन्याला पगारासारखे येतील. मला पटत नाही, पण का पटत नाही तेही सांगता येत नाही. चहा सोडा, हॉटेल सोडा असं कृपा करून सांगू नका. हॉटेलात आम्ही जात नाही आणि चहा सोडणार नाही.

गच्चीवरचा_सोलर

वैनी, गच्ची आहे ना तुमची? मग पहिले सोलर बसवा. पीएम सूर्यघरमध्ये तीन किलोवॉटला ७८,००० सबसिडी आहे. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांवर पॅनल लागले. नागपूरचं ऊन फुकट जाऊन राहिलं. बिल जवळजवळ शून्य, विषय संपला.

ताटीवाली_काकू

वैनी, मी मानेवाड्याला राहते, तुमच्यापासून जवळच. वय ६७, फॅमिली पेन्शनवर आहे. तुमच्यासारखीच वही मीही लिहिते म्हणून जरा लांबण लावते.

तुमच्या महिन्याच्या यादीत काही खोट नाही. चार हजारात तिघांचा किराणा ही काटकसरच आहे, त्यातून आणखी दोनशे पिळायला जाऊ नका. तुम्ही लिहिलंच नाही ते खर्च बघा. उन्हाळ्याचं वाढीव बिल कुठे आहे? घरटॅक्स? गाडीचा विमा? लग्नाचे आहेर? दिवाळी? आणि हुडकेश्वरच्या सुनेकडे महालक्ष्म्या (गौरी) बसत असतीलच. मी अंदाजाने मांडते, चुकलं तर सांगा: बिलाचे जास्तीचे पाच हजार, महालक्ष्म्या नऊ, दिवाळी पाच, आहेर सहा, टॅक्स-विमा चार. झाले २९ हजार. आणि महिन्याला उरणारे पावणेसतराशे गुणिले बारा, म्हणजे वीस. नऊ हजारांचं भगदाड तिथे आहे. ते तुम्हाला दुधात आणि भाजीत सापडणार नाही.

तेव्हा पहिली गोष्ट, १२ लाखांना हात लावू नका. ८.२ टक्क्यांचे ७.४ केले की १२ लाखांवर वर्षाचे ९,६०० गेले, म्हणजे भगदाड दुप्पट. शिवाय मासिक योजनेत एका नावावर नऊ लाखांचीच मर्यादा आहे आणि तुमचे साडेचार आधीच आत आहेत. तुमचा जीव का मानत नव्हता, ते हे.

तिमाहीचे पैसे पगार समजू नका. व्याज जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरला येतं. नागपूरच्या घराचं वर्ष कसं चालतं बघा. एप्रिलमध्ये नवा गहू आणि कूलर. जुलैचे पैसे आले की पुढे महालक्ष्म्या. ऑक्टोबरला दिवाळी. जानेवारीच्या डोक्यावर मात्र काही नाही, संक्रांतीचं वाण सोडलं तर. म्हणून माझ्याकडे जानेवारीचं व्याज आलं की त्यातला मोठा तुकडा तसाच पडून राहतो, तो एप्रिलला लागतो. बाकीच्या तिमाह्यांत तुम्ही पोस्टाच्या खात्यातून दर एक तारखेला ८,२०० च काढायचे, जास्त नाही. मी तर खात्याचं कार्ड कपाटात ठेवते आणि किल्ली सुनेकडे. हसा खुशाल.

आता भगदाड बुजवायचं. सर्वांत मोठा दगड औषधांचा. सासूबाईंच्या डॉक्टरांना गोळीचं मूळ नाव लिहून मागा, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन असं, आणि जनऔषधी केंद्रात जा. बीपी-शुगरच्या गोळ्या तिथे निम्म्याहून खाली येतात. थायरॉइडच्या गोळीचं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका. त्या गोळीची कंपनी बदलली की मात्रा पुन्हा तपासावी लागते, तिथे शंभर रुपये वाचवायच्या नादी लागू नये. एकोणीसशेचे हजारावर आले तरी वर्षाचे दहा हजार होतात. तिकडे भगदाड बुजलंच म्हणा. आणि सासूबाई सत्तरच्या वर आहेत, त्यांचं आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढलं का? त्याला उत्पन्नाची अट नाही, भरती व्हावं लागलं तर वर्षाला पाच लाखांपर्यंत. गोळ्या त्यात येत नाहीत, पण ऑपरेशन निघालं तर तुमचे साडेचार लाख शाबूत राहतात.

दुसरं बिलाचं. कूलर किती चालतात? दोन असतील तर रात्री एका खोलीत तिघं झोपा. एक मोठा कूलर २०० वॉट धरला आणि रात्रीचे आठ तास चालला तर महिन्याला ४८ युनिट. शंभर युनिटच्या वरचं युनिट जवळजवळ दुप्पट दराने लागतं. लोक समजतात की शंभर ओलांडले की सगळंच बिल वरच्या दराने येतं, तसं नसतं, वरचे तेवढेच महाग. पण तुमचा कूलर नेमका त्या वरच्या भागात चालतो. एक बंद म्हणजे करासकट सहाशेच्या आसपास वाचले. कूलरच्या ताट्या फेब्रुवारीतच बदलून घ्या. एप्रिल लागला की ताटीवाला भाव सांगतो आणि आपण मान डोलावतो. वाळ्याच्या ताट्या महाग पडतात, पण जपल्या तर दुसऱ्या वर्षीही चालून जातात. गवताच्या दर वर्षी नव्या. अर्थिंगमध्ये मात्र काटकसर करू नका. दर उन्हाळ्यात नागपुरात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी भरताना प्लग काढायचा म्हणजे काढायचाच, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

गहू एप्रिलात एकदम घ्या, तुरीची डाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी आली की. कडक ऊन दाखवायचं, डाळीला एरंडेलाचं बोट लावायचं, कोठीत कडुलिंबाचा पाला. तांदळाचं म्हणाल तर आमच्याकडे एचएमटीच. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेलं वाण, मला ते खाताना बरं वाटतं. गोळाभात, वडाभात करायचा असेल त्या दिवशी कणी चालते, कोणाला कळत नाही.

भाजीसाठी कळमन्याला जाऊ नका. तीन माणसांना ठोक भाजी पुरून उरते, मग सडते, आणि ऑटोवाला वेगळाच. तुम्हाला सक्करदऱ्याचा बुधवार बाजार जवळ आहे. रात्री बाजार उठायच्या वेळेला भेदरं (टोमॅटो), सांबार (कोथिंबीर), पालक मातीमोल देतात. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा जास्त घ्या, सोले काढून फ्रीजरमध्ये ठेवा. आणि पिठलं, पाटवडी, झुणका आठवड्यात दोनदा झाला तर कोणी काही म्हणत नाही. जवसाची चटणी बाजूला असली की ह्या घरात भाजी कमी पडली असं कोणाला वाटायचं नाही.

महालक्ष्म्यांचं शेवटी लिहिते, कारण ते नाजूक आहे. नैवेद्य कमी करू नका. सोळा भाज्या, आंबील, पुरण सगळं होऊ द्या, सोळा भाज्या म्हणजे सोळा किलो नाही, चिमूट चिमूट. खर्च वाढतो तो पानांनी. आमच्याकडे सासूच्या वेळी साठ पानं उठायची. मी सवाष्ण आणि घरची माणसं एवढ्यावर आणलं आणि बाकीच्यांना संध्याकाळी हळदीकुंकवाला बोलावलं. नणंद एक वर्ष बोलली नाही. दुसऱ्या वर्षी तिनेही तसंच केलं.

सोलरवाल्या भाऊंना एक: वैनींचं हिवाळ्याचं बिल नऊशे आहे. तीन किलोवॉटची त्यांना गरजच नाही. एक किलोवॉटला सबसिडी ३०,००० मिळते, पण वरचे पैसे आधी खिशातून जातात आणि खिशात काय आहे ते त्यांनी वर लिहिलंच आहे.

गच्चीवरचा_सोलर

काकू, मान्य. पण कर्ज पण मिळते सोलरसाठी, बँकेकडून. आणि बिल दर वर्षी वाढतंच. दहा वर्षांचा विचार केला तर फायदाच आहे ना?

ताटीवाली_काकू

असेल बाप्पा. पण ठराविक जमेच्या घरात हप्ता शिरला की तो आजारपणातही थांबत नाही. मुलगा पुण्यात स्थिरावला आणि स्वतःहून म्हणाला तर बघतील ते.

हुडकेश्वरची_वैनी

काकू, तुम्ही आमच्या घरात येऊन वही वाचली की काय! महालक्ष्म्यांचे साडेनऊ झाले होते, आहेरांचे तुम्ही म्हणता त्याहून जास्त, मे महिन्यात घरातलीच दोन लग्नं होती. कूलर दोन आहेत. सासूबाई वेगळ्या खोलीत झोपतात, त्यांना आमच्या टीव्हीचा आवाज चालत नाही. आता उन्हाळ्यात टीव्हीच नऊला बंद करू, ह्यांना सांगितलं तर तोंड वाकडं केलं, पण "हो" म्हणाले.

वय वंदना कार्ड काढलेलं नाही, हे मला माहीतच नव्हतं. ह्या आठवड्यात काढते. जनऔषधीच्या गोळ्या सासूबाईंना हलक्या वाटतील ही भीती आहे, "स्वस्ताची गोळी लागत नाही" असं त्या म्हणतात. त्यांना कसं समजवायचं?

आणि एक राहिलं. लाडकी बहीणचे दीड हजार हिशेबात धरायचे की नाही? ह्यांनी धरले आहेत.

ताटीवाली_काकू

धरू नका. चालू आहेत तोवर ते आहेराचे. त्यातून साडी, पाकीट, वाण जे काय ते. एखाद्या महिन्यात आले नाहीत तर त्या लग्नाला पाकीट हलकं जाईल, घरातला गॅस थांबणार नाही. ६५ नंतर तसेही बंदच होतात.

सासूबाईंना समजवू नका. डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा. पुढच्या वेळेला सोबत न्या आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा की ह्याच औषधाची जनऔषधीतली गोळी चालेल का. सुनेचं ऐकत नाहीत, डॉक्टरचं ऐकतात. महिनाभराने बीपी मोजून दाखवा. आणि त्यांना माहेरी जायचं असेल तर एसटी काढा, ७५ च्या वर त्यांना फुकट आहे, तुम्हाला अर्धं. गाडीवर डबलसीट उमरेडपर्यंत नेण्यापेक्षा बरं.

डाकघरातला_माणूस

मी पोस्टातून निवृत्त झालो आहे, म्हणून तेवढ्याच विषयावर लिहितो. वैनी, काकूंचं बरोबर आहे, ते खातं मोडू नका. सीनियर सिटिझनचं खातं पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत बंद केलं तर दिलेलं व्याज मुद्दलातून परत कापतात. वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं तर मुद्दलाच्या दीड टक्का जातो. १२ लाखांवर तो १८,००० होतो. उलट, तुमचा ८.२ चा दर पाच वर्षं पक्का आहे. पुढे सरकारने दर कमी केला तरी तुमच्या खात्याला तो लागत नाही.

एक काम मात्र दर एप्रिलमध्ये आठवणीने करा. तुमचे मिस्टर अजून साठच्या आत आहेत, व्याज वर्षाला ९८,४०० होतं. आपल्याला कर लागत नाही असं लिहून देण्याचा फॉर्म दिला नाही तर त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जाईल. कर लागत नसला तरी कापला जातो आणि मग रिटर्न भरून परत मागत बसावं लागतं. पॅन खात्याला जोडलेलं आहे का, तेही काउंटरवर विचारून घ्या.

व्याज पोस्टाच्या बचत खात्यातच येऊ द्या, बँकेत वळवू नका. मोबाइलला जोडलेल्या बँक खात्यात आलं की ते केव्हा संपतं कळत नाही. काकूंसारखी किल्ली सुनेकडे द्यायची सोय सगळ्यांकडे नसते.

हुडकेश्वरची_वैनी

दादा, त्या फॉर्मचं कोणीच सांगितलं नव्हतं. ह्यांना आत्ताच वाचून दाखवलं. १८,००० ऐकल्यावर ते मासिक योजनेचं नाव काढायचे नाहीत. सोमवारी पोस्टात पॅनचं बघून येतो, सासूबाईंचं आधार घेऊन कार्डाचंही तिथूनच पुढे जाऊन करते. काकू, वाळ्याची ताटी तुम्ही कुठून घेता तेवढं सांगा.

ताटीवाली_काकू

दुकान एक नाही. फेब्रुवारीत दोन-चार ठिकाणी विचारा आणि ताटी हातात घेऊन वास घ्या. खरा वाळा कोरडा असतानाही वास देतो. वास आला नाही तर ते नुसतं गवत आहे, पुढच्या दुकानात जा.