पुणे ते चिपी (सिंधुदुर्ग विमानतळ): अंतर २९० किमी, मग विमानाला तासाच्या वर का लागतो?

पिंगुळीची लेक:
आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. आता तिला घरी, कुडाळजवळ पिंगुळीला जायचंय, गणपती तिथेच करायचाय. डॉक्टरांनी सलग दीड तासाच्या वर बसवू नका म्हणून बजावलंय. गाडीने साडेतीनशे किमीच्या वर, त्यात घाट, म्हणून तो विचारच सोडला. विमानाचा हिशेब करून बघितला. पुणे १८.५८ अक्षांश, चिपी १६.००. फरक २.५८ गुणिले १११, म्हणजे २८६ किमी. पूर्व-पश्चिम ४० धरले तरी सरळ अंतर २९० च्या आसपासच. या मार्गावरचं एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, ताशी ५०० ने जातं म्हणतात, म्हणजे ३५ मिनिटं. मग वेळापत्रकात तासाच्या वर का दाखवतात? आईला नक्की किती वेळ बसावं लागेल?

लोहगावकर:
ताई, तुमचं अंतर बरोबर आहे. मी २२ वर्षं विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये काढली, म्हणून सांगतो. वेळापत्रकातली वेळ हवेतली नसते. चाकांचे ठोकळे काढल्यापासून तिकडे परत लावेपर्यंतची असते. लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, हवाई दलाचा, तिथे लढाऊ विमानांसाठी आपल्याला थांबावं लागतं. शिवाय दोन्हीकडच्या धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आणि तुम्हाला जायचंय दक्षिणेला. म्हणजे उडाल्यावर वळायचं, उतरताना पुन्हा वळून धावपट्टीच्या रेषेत यायचं. ते किमी तुमच्या २९० मध्ये नाहीत. आणि ५०० चा वेग फक्त मधल्या टप्प्यात मिळतो, चढताना-उतरताना बराच कमी. एवढ्या कमी अंतरात तो मधला टप्पा असतोच केवढासा! हवेत ५० मिनिटं धरा. दार लागण्याआधीची १५-२० मिनिटंही बसूनच जातात, ती विसरू नका.

आता आईंचं. एटीआरमध्ये प्रवाशांचं दार मागे, डाव्या अंगाला असतं. पुढचं दार सामानाचं. तेव्हा शेवटच्या दोन रांगांतली, आतल्या वाटेकडची सीट घ्या, चालावं लागत नाही. दारालाच मोजक्या पायऱ्या असतात, पण खुब्याला त्याही नकोत. व्हीलचेअर आणि रॅम्प किंवा लिफ्ट हवी असं ४८ तास आधी कंपनीला कळवा. फोनवर नको, लेखी.

कुडाळकर:
चिपीहून पिंगुळी पाऊण तास धरा. विमानतळ सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर आहे, बाहेर आल्यावर रिक्षा मिळेलच असं नाही. गाडी आदल्या दिवशी ठरवा आणि पुढची सीट मागे पाडता येते का विचारा. एक मात्र मनापासून सांगतो, गणपतीच्या आदल्या दिवशी आणू नका. पावसात ढग खाली आले की विमान फिरून परत जातं. माझ्या काकूंना तसंच पुण्याला परत जावं लागलं होतं, आणि त्या दिवशी त्या साडेतीन तास खुर्चीत होत्या. चार-पाच दिवस हातात ठेवून या.

पिंगुळीची लेक:
दोघांचे खूप आभार. म्हणजे १५-२० मिनिटं आधीची आणि वेळापत्रकातला तास, दीड तासाच्या अगदी काठावर. डॉक्टरांना आजच विचारते, सीटबेल्टची खूण गेल्यावर दोन मिनिटं उभं केलं तर चालेल का. शेवटच्या रांगेतल्या दोन सीट बघितल्या, चतुर्थीच्या सहा दिवस आधीच्या मिळतायत. लोहगावकर काका, व्हीलचेअरचं ईमेल तिकिटाबरोबरच पाठवू की नंतर?

लोहगावकर:
तिकीट हातात आलं की लगेच. पीएनआर लिहा, आणि त्यांचं उत्तर छापून जवळ ठेवा.