सिंहस्थाआधी काविळीची लस घ्यायची की पाण्याची लाइन बघायची?

सातपूरकर: २०२७ चा सिंहस्थ जवळ आला म्हणून आमच्या सोसायटीत वर्गणी काढून सगळ्यांना काविळीची लस द्यायचं चाललंय. माझा विरोध आहे. काविळीचे विषाणू ए, बी, ई असे वेगवेगळे. ही लस हेपटायटिस ए ची, आणि पाण्यातून मोठ्या माणसांत साथ पसरते ती बहुतेक वेळा ई ची असते. दिल्लीत १९५५-५६ ला २९ हजारांच्या आसपास लोकांना कावीळ झाली, ती ए चीच असं धरून चालले होते सगळे, पुढे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले तेव्हा कळलं की ए नव्हतीच. ई ची लस चीनमध्ये आहे, आपल्या मेडिकलमध्ये नाही. गटाराशेजारची लाइन फुटलेली असली की पाणी बंद असताना घाण आत ओढली जाते, आधी ती बदला.

पंचवटीची_आई: लाइन बदलेपर्यंत पोरांनी काय करायचं? पूर्वी लहानपणीच ए होऊन जायचा, कळायचंही नाही. आता आरओचं पाणी पिऊन वाढलेली पोरं हॉस्टेलला गेली की पहिल्यांदा गाठतो आणि मग महिना महिना अंथरूण. ई ची लस नाही म्हणून ए ची पण नको, हे काही पटत नाही बुवा.

सिडको_लॅब: मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे रक्त गरगर फिरवायच्या मशीनमधून, ट्यूब काढली की वरचं सीरम (रक्तातलं पाणी) हळदीच्या पाण्यासारखं, आणि पेशंटच्या गळ्यात काविळीची माळ, आठवडा झालेला. ए का ई हे आयजीएम टेस्ट (नुकत्याच झालेल्या लागणीची रक्तातली खूण शोधणारी) लावल्याशिवाय कळत नाही हो. आणि बी ला का विसरलात? तो रक्तातून येतो, आईकडून जन्मताना बाळाला लागला तर १० पैकी ९ बाळांत कायमचा राहतो, पुढे सिरोसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होणं), लिव्हरचा कॅन्सर. जन्मल्यावर २४ तासांत द्यायचा डोस सरकारीत फुकट आहे, तो चुकवू नका.

सातपूरकर: बी चं एकदम मान्य, त्यावर वादच नाही. पण ई झालेल्या गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत जिवाचा धोका असतो, काही साथींत अशा १०० पैकी २०-२५ जणी दगावल्यात. तिला तुमची ए ची लस वाचवणार नाही, स्वच्छ पाणीच वाचवणार, नाहीतर उकळून प्यायचं. म्हणून लाइन आधी.

पंचवटीची_आई: लाइनच्या अर्जावर सही माझी पण घ्या. लस मात्र मी पोराला देणारच, ती दोन डोसवाली असेल तर मध्ये सहा महिने जातात, आत्ताच सुरू करायला हवी.