मदत हवी आहे: सोसायटीत ज्येष्ठांची शुगर तपासायची आहे, चहा पिऊन आलेल्यांचं काय करू?

रविवारी सकाळी मुलुंडला आमच्या सोसायटीत साठीपुढच्या ४० जणांची शुगर तपासायची आहे. सगळे 'मला डायबेटिस नाही' म्हणणारे. दोन ग्लुकोमीटर आहेत. उपाशी या म्हटलं तरी निम्मे चहा ढोसून येणार! आणि कितीच्या वर आकडा आला की लॅबला पाठवायचं?
– चाफा

पारिजात: परत पाठवू नका. चहा बिनसाखरेचा असला तरी दूध असतंच, तेव्हा तो आकडा उपाशीपोटीचा नाही. कागदावर 'रँडम' लिहा आणि शेवटचं खाणं-पिणं किती वाजता तेही. उपाशी म्हणजे किमान ८ तास, पाणी चालतं. उपाशी १०० किंवा रँडम १४० च्या वर गेलं की लॅब. मीटर बघून कोणाला 'डायबेटिस आहे' म्हणू नका. निदान शिरेतल्या रक्तावर होतं: उपाशी १२६ पासून पुढे, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन २ तासांनी २०० पासून पुढे, नाहीतर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांपासून पुढे. लक्षणं नसतील तर दुसऱ्यांदा खात्री करतात. उतारवयात उपाशी शुगर बरी आणि खाल्ल्यानंतरची चढलेली, असं बरंच दिसतं. त्यामुळे चहावाले अगदीच वाया जात नाहीत.

समई: घोळ बोटावर होतो. आधी साबणाने हात धुऊन कोरडे करा. फळ सोललेलं बोट नुसतं स्पिरिटने पुसून भागत नाही, आकडा खोटा चढतो. बोटाच्या कडेला टोचा, पिळू नका. स्ट्रिप काढली की डबी लगेच बंद, मुंबईच्या दमट हवेत स्ट्रिपा बिघडतात. टोचायचं पेन सगळ्यांना एकच नको, सुई बदलली तरी नको. हिपॅटायटिस बी पसरतो. एकदाच वापरायच्या लॅन्सेट (टोचायच्या सुया) ५० आणा, स्ट्रिपाही तेवढ्याच. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका आणि तो डबा कोणता दवाखाना घेईल ते आधीच विचारून ठेवा.

चाफा: मग सरळ सगळ्यांचं एचबीए१सीच केलं तर? उपाशी राहायची भानगड नाही.

पारिजात: लोह कमी असलं तर तो खोटा वर जातो, नुकतंच रक्त चढवलं असेल तर खाली येऊ शकतो. त्यापेक्षा टेलरिंगची टेप आणा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. पुरुष ९०, बायका ८० सेंटिमीटर किंवा त्यापुढे असतील तर मीटरचा आकडा चांगला आला तरी लॅबच्या यादीत घाला. भाषण ठेवू नका, कोणी थांबत नाही. टेप लावतानाच जेवणानंतर १५ मिनिटं चालायला सांगा.