कोजागिरीचं दूध: सुटं की पिशवीचं?

देशपांडे काकू (ए-३०२): सेक्रेटरीसाहेब, परत तेच ४० लिटर सुटं दूध? ५ वाजता काढणार, बर्फाशिवाय किटल्या मखमलाबादहून येणार, गॅसवर चढणार ९ ला. गेल्या वर्षीचं विसरलात?

सेक्रेटरी: काकू, म्हशीचं आहे, साय बघा. उकळलं की सगळं मरतं.

शिंदे सर (सी-१०१): सगळं नाही. क्षय, ब्रुसेला, ई. कोलाय हे जंतू मरतात, त्यांना ७२ अंशांवर १५ सेकंद पुरतात. पण कासदाह (कासेची सूज) झालेल्या म्हशीकडून किंवा काढणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू येतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात ४ तास कोमट दूध मिळालं की तो विष सोडतो. उकळून जंतू मरतो, विष राहतं. मग १ ते ६ तासांत उलट्या.

वाघ (बी-४०४): उकळलं की सगळं मरतं. 🙏

खजिनदार: वर्गणी २०० रु. ११ फ्लॅट बाकी. नावं टाकायला लावू नका.

वाघ: थर्टीफर्स्टला खिमा चालतो, दूध नको!

शिंदे सर: खिमाही तसाच जोखमीचा. अख्ख्या तुकड्यावर जंतू वरवर असतात, दळताना आतपर्यंत जातात. बीफ असो वा मटण, खिमा मधोमध ७१ अंशांना पोचायला हवा.

देशपांडे काकू: विषय दुधाचा होता.

जोशी (ए-१०४): सुटं घेतलंच तर तपासता येतं?

शिंदे सर: १० मिली दुधात १ मिली मिथिलीन ब्लू (निळ्या रंगाचा द्राव), ३७ अंशांच्या पाण्यात परीक्षानळी. अर्ध्या तासात निळा रंग गेला तर दूध परत. रंग टिकला म्हणजे जंतू कमी, विष नाहीच असं नव्हे. त्यापेक्षा पिशवीचं घ्या, उकळेपर्यंत ५ अंशांखाली ठेवा. आणि चांदण्यात अख्खं पातेलं ठेवू नका. जायफळ-वेलचीतले बॅसिलस जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचं टणक सुप्त रूप, उकळूनही टिकतात, दूध हळूहळू निवलं की वाढतात. पातेलं मंद आचेवर ६० अंशांच्या वर, नैवेद्याला एक वाटी. उरलेलं पसरट परातींत ओतून गार पाण्यात, २ तासांत फ्रीजमध्ये.

वाघ: उकळलं की

सेक्रेटरी: वाघसाहेब, कळलं. पिशवीचं आणू. पण अर्ध्या लिटरच्या ८० पिशव्या ठेवायच्या कुठे?

जोशी: क्लबहाउसचा फ्रीज?

देशपांडे काकू: त्यात गणपतीपासून कोणाचंतरी आइस्क्रीम आहे. आधी ते न्या.

खजिनदार: ११ फ्लॅट.