बिल्डला (सोर्स कोडपासून प्रोग्रॅम तयार करायला) नवीन डिपेंडन्सी, म्हणजे लागणारं दुसरं सॉफ्टवेअर, सक्तीची करताना बाकीच्या प्रोसेसरचा विचार कोण करणार?

दर्यावर्दी_रत्नागिरी: कोड पोर्टेबल आहे, कुठल्याही प्रोसेसरवर चालतो, म्हणून सगळे सांगतात, पण तो बिल्ड करायला जे लागतं ते तुमच्या प्रोसेसरवर चालतं का ते कोण बघतंय? फेब्रुवारी 2021 मध्ये पायथनच्या क्रिप्टोग्राफी पॅकेजचं 3.4 आलं, बिल्डला रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा लागायला लागली आणि अल्फा, एचपीपीए, एम68के या जुन्या प्रोसेसरवाले अडकले, कारण रस्टचा कंपाइलर उभा आहे एलएलव्हीएमवर आणि जुना सी कंपाइलर जीसीसी जिथे जिथे पोचलंय तिथे सगळीकडे एलएलव्हीएम नाही. डेबियन लिनक्सच्या एपीटीचंही (पॅकेज इन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम) तेच, मे 2026 च्या आधी नाही पण त्यानंतर रस्ट सक्तीचं करणार असं त्यांनी 2025 मध्ये सांगितलं. आमच्या पॅकहाऊसला आंब्याच्या रायपनिंग चेंबरचं तापमान नोंदवायला एआरएमव्ही6 या जुन्या प्रोसेसरचा छोटा बोर्ड आहे, रॅम 512 एमबी. पिप इन्स्टॉल (पायथन पॅकेज टाकायची कमांड) मारलं की तयार व्हील, म्हणजे आधीच बिल्ड केलेलं पॅकेज, मिळत नाही, मग सोर्सवरून बिल्ड, मग रस्टचं कंपाइल अर्ध्यात आलं की रॅम संपून प्रोसेस किल. ऐन एप्रिलात हे करत बसायचं?

मालवणचो_झील: माका काय ह्यां पटला नाय. एचपीने अल्फा विकणं 2007 लाच थांबवलं. एपीटी डेब फाइल (डेबियनचं पॅकेज) उघडतं, सह्या तपासतं, बाहेरचा डेटा पहिला तिथेच शिरतो. क्रोमवाल्यांनी 2020 मध्ये सांगितलंय की त्यांचे साधारण 70 टक्के गंभीर सिक्युरिटी बग मेमरी चुकीची वापरल्याचे होते, आणि रस्ट नेमक्या त्याच चुका अडवतं. ते सोडून जुन्या मशीनसाठी थांबायचं? आणि रस्टमुळे पोर्टेबिलिटी गेली म्हणशील तर रिस्क-व्ही हा नवा प्रोसेसर बघ, डेबियन 13 मध्ये अधिकृत झालं, रस्ट तिथे व्यवस्थित चालतं.

गुहागर_टर्मिनल: दादा, बोर्डवर कशाला, लॅपटॉपवर क्रॉस कंपाइल करा ना, म्हणजे बोर्डसाठीचा बिल्ड लॅपटॉपवरच.

दर्यावर्दी_रत्नागिरी: केलं की. लायब्ररी शोधून देणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगने लॅपटॉपच्याच एक्स86 प्रोसेसरची ओपनएसएसएल लायब्ररी उचलली आणि तुकडे जोडणाऱ्या लिंकरने हात वर केले. टार्गेटची, म्हणजे बोर्डची, हेडर, लायब्ररी वेगळी मांडून द्यावी लागते, पॅकहाऊसचा पोरगा हे करणार नाही.

गुहागर_टर्मिनल: पण 3.4 ला रस्ट बंद करायचा स्विच होता, असं एकदम दार लावलं नव्हतं.

दर्यावर्दी_रत्नागिरी: होता, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पुढचं व्हर्जन 35.0 आलं त्यात गेला. रस्टला माझा विरोध नाहीच रे. रस्टला एलएलव्हीएमऐवजी जीसीसीचं बॅकएंड जोडायचं काम चाललंय, ते नीट उभं राहीपर्यंत सी भाषेतल्या कोडचा रस्ता ठेवा एवढंच मागतोय.

मालवणचो_झील: आणि तो सी कोड सांभाळणार कोण? दोन्ही ठेवले तर प्रत्येक बग दोनदा शोधायचा, दोनदा टेस्ट करायचा. एम68के वर रोज टेस्ट चालवायला माणूस द्या, मग बोलू.